उशाशी बसणारे माणूस

२०२२ सालच्या जून महिन्यात हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आमटे यांस रक्ताचा कर्करोग झाल्याची बातमी आली. ती आमच्या ओसरीवर सकाळच्या चहाबरोबर मोठ्याने वाचली गेली. घरात माणसे पुष्कळ, तेव्हा उद्गारही पुष्कळ निघाले. कोणी म्हणाले, एवढ्या पुण्यवान माणसाला हे का व्हावे. कोणी म्हणाले, हल्ली औषधे चांगली आहेत. आमच्या वहिनी एका बाजूस मेथी निवडीत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मंदाताईंजवळ रात्री कोण असते हो, भाऊजी?"

आम्ही वर्तमानपत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिले. बातमीत ते नव्हते. असल्या बातमीत ते कधी नसतेच.

या सदरात आम्ही बहुधा सणवार, पाहुणे, मुलांचे अभ्यास, सुनांची माहेरे अशा घरगुती गोष्टींविषयी लिहीत असतो. आजचा विषय तितका सुखाचा नाही. पण तो घरगुतीच आहे, आणि ज्या घरांत आठ-दहा माणसे एका छपराखाली नांदतात त्यांच्या तर विशेष कामाचा आहे.

आमटे दांपत्याची हकीकत बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. बाबा आमट्यांनी १९७३ सालच्या डिसेंबरात भामरागडच्या रानात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तो मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. गडचिरोली जिल्हा पुढे १९८२ साली निराळा झाला. धाकटे चिरंजीव प्रकाश हे नागपुरास शस्त्रक्रियेचे पुढील शिक्षण घेत होते. ते अर्ध्यावर टाकून ते तेथे राहावयास गेले, आणि त्यांच्या पत्नी मंदाकिनी त्यांच्याबरोबर गेल्या. मंदाताई भूल देण्याच्या शास्त्रातल्या डॉक्टर. शस्त्रक्रिया चालू असता सर्वांची दृष्टी सुरी धरणाऱ्या हातावर असते. भूल देणारा मात्र रोग्याच्या उशाशी बसून त्याचा श्वास आणि नाडी पाहात असतो, आणि सर्व सुरळीत पार पडले की त्याची आठवण कोणास राहात नाही. २००८ सालचा मॅगसेसे पुरस्कार या पतिपत्नींस मिळून दिला गेला, हे आम्हांस त्या वेळीही फार योग्य वाटले होते.

प्रकाशभाऊंचे दुखणे ज्या जातीचे होते तीत पांढऱ्या पेशींस सूक्ष्मदर्शकाखाली केसांसारखे तंतू दिसतात. कर्करोगांत हा त्यातल्या त्यात सावकाश वाढणारा आणि औषधास दाद देणारा. परंतु औषधानेच अंगातील प्रतिकारशक्ती उतरते आणि साधा तापही जिवावर बेततो. पुण्यास उपचार चालू असता त्यांस न्यूमोनियाने गाठले. भेटीस कोणी येऊ नये अशी विनंती घरच्यांस जाहीरपणे करावी लागली. पुढे उपचार लागू पडले आणि ते आपल्या रानात परत गेले. हे सर्व आम्ही वाचीत होतो. परंतु वहिनींचा तो प्रश्न काही मनातून जाईना. तो त्यांनी का विचारला हे घरात आमच्याइतके कोणासच ठाऊक नव्हते.

२०१८ सालच्या डिसेंबरात आम्ही, आमचे कुटुंब, थोरले बंधू आणि वहिनी असे चौघे हेमलकशास गेलो होतो. दादांचा आग्रह. त्यांनी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकविला. भामरागडचा त्रिवेणी संगम फळ्यावर शेकडो वेळा काढला, पण डोळ्यांनी पाहिला नव्हता. आलापल्लीचे सागाचे रान ओलांडून आम्ही संगमावर पोचलो. दादा नेहमीच्या सवयीने हात पुढे करून उभे राहिले आणि म्हणाले, "ही इंद्रावती, ही पर्लकोटा, आणि ही..." तिसरे नाव त्यांस येईना. पामुलगौतमी हे नाव जरा अवघड खरे. आम्ही हसलो, आणि मास्तरांस छडी मारावी काय असा विनोदही केला. दुसऱ्या दिवशी प्रकल्पातील प्राणी पाहात असता पिंजऱ्यातील बिबट्यास ते "ते ठिपक्यांचे, ते" असे म्हणाले. आम्ही तेव्हाही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी दादांस चार साध्या वस्तूंची नावे सहज विचारल्यासारखी विचारली, आणि चष्म्याशी येऊन ते अडले.

त्याच दिवशी दवाखान्याच्या आवारात पाहिलेली एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून एक माडिया कुटुंब भात शिजवीत होते. आत त्यांची म्हातारी तापाने पडली होती. तिचा नवरा तिच्याजवळ उकिडवा बसला होता. काही वेळाने एक तरुण बाहेरून आला आणि काही न बोलता त्याच्या शेजारी बसला. म्हातारा उठला, बाहेर गेला, झाडाखाली पंचा अंगावर ओढून आडवा झाला आणि निजला. कोणी कोणास धन्यवाद दिले नाहीत, की कोणी कोणाची तारीफ केली नाही. आम्हांस ते दृश्य त्या वेळी केवळ चित्रासारखे वाटले.

संक्रांतीच्या दिवशी, तिळगूळ वाटता वाटता, दादांचा उजवा हात थरथरू लागला आणि पाहता पाहता सर्वांगास झटके येऊन ते खाली पडले. आमच्या सुशिक्षित घराने त्या तीन मिनिटांत जे केले ते सांगावयास लाज वाटते, परंतु कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. एकाने वहाण हुंगविली, दुसऱ्याने कांदा फोडून आणला, आणि आम्ही स्वतः दातांमध्ये चमचा घातला. त्याने त्यांच्या एका दाताचा टवका उडाला. असे काहीही करावयाचे नसते. रोग्यास एका कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, आजूबाजूचे टोकदार सामान दूर करावे, घड्याळ पाहावे, आणि तोंडात काही म्हणजे काही घालू नये. झटके पाच मिनिटांपलीकडे चालले तर रुग्णालय गाठावे. वहिनी तेवढ्या गोंधळातही घड्याळाकडे पाहात होत्या.

एमआरआयच्या चित्रात मेंदूच्या डाव्या बाजूस, जेथे शब्दांचे घर असते त्या भागात, गाठ दिसली. शस्त्रक्रियेत निघेल तेवढी काढली. तपासणीत ग्लायोब्लास्टोमा निघाला. मेंदूत उपजणाऱ्या गाठींपैकी ही सर्वांत आडदांड. नागपुरातील रुग्णालयात डॉक्टरांच्या खोलीत कोण गेले? आम्ही, दादांचे थोरले चिरंजीव आणि आमचे मेहुणे. वहिनी बाहेर बाकावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. ज्यांनी दुखणे सर्वांच्या आधी ओळखले, त्यांस ते सर्वांच्या शेवटी, तेही अर्धवट, कळले. आम्ही म्हणालो, "गाठ काढली आहे, आता किरणोपचार झाले की बरे वाटेल." त्या म्हणाल्या, "भाऊजी, डॉक्टर किती म्हणाले?" आम्ही उत्तर दिले नाही. असल्या रोगात सर्व उपचार होऊनही माणूस साधारण सवा वर्ष जगतो, थोडे अधिक जगतात, काही फार थोडे पुष्कळ जगतात, हे त्यांनी पुढे स्वतःच डॉक्टरांस विचारून घेतले. तेव्हापासून डॉक्टरांच्या खोलीत त्याच गेल्या, हे एक बरे झाले.

उपचार ठरलेला असतो. आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा आठवड्यांत तीस वेळा किरण. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवितात, ती घट्ट झाली की तिचा साचा होतो. तो टेबलास अडकवून डोके तसूभरही हलणार नाही असे करतात. किरण लागताना वेदना नाहीत. परंतु त्या साच्याची भीती पुष्कळांस वाटते. शिवाय टेमोझोलोमाइडच्या गोळ्या त्या सहा आठवड्यांत रोज उपाशीपोटी, त्याआधी उलटी थांबविण्याची गोळी, झटक्यांच्या गोळ्या बारा बारा तासांनी, आणि मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड. आठवड्याला रक्त तपासावयाचे. नंतर महिनाभर विसावा, आणि मग दर अठ्ठावीस दिवसांत पाच दिवस पुन्हा त्याच गोळ्या.

हे औषधांचे झाले. त्या स्टिरॉइडने माणसाचे काय होते ते घरच्यांनी जाणून असावे. भूक खवळते, साखर वाढते, झोप उडते, मांड्यांतील बळ जाऊन पाटावरून उठणे अशक्य होते. आणि स्वभाव पालटतो. ज्या दादांनी उभ्या जन्मात आवाज चढविला नाही ते मध्यरात्री पोहे मागत, आणि उशीर झाला की ताट भिरकावीत. ही बाई आपल्याला उपाशी ठेवते, असे ते भेटीस आलेल्यांस सांगत. अवघड हे की, ज्या मेंदूने रागास आवर घालावयाचा तोच आजारी. हातपाय दुखत असतील तर माणूस आपल्या दुखण्याकडे आपण पाहू शकतो; येथे पाहणारेच जागेवर नसते. वहिनी एकदा आमच्या सौभाग्यवतींस म्हणाल्या, "रागावले त्याचे मला काही नाही. पण काल दिवसभर मला 'अहो बाई' म्हणत होते."

आणि या सर्व काळात आमचे घर काय करीत होते? आमचे घर वहिनींची स्तुती करीत होते. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणे, "सावित्रीच ही." आम्हीही म्हणत असू. असे म्हटले की मनास हलके वाटते. इतके हलके, की रात्री दहाला दिवा मालवून स्वस्थ झोप लागते. सावित्रीची कथा आम्ही पुढे एका रात्री मुद्दाम काढून वाचली. तिने सत्यवानासाठी धरलेले व्रत तीन रात्रींचे होते. वहिनींचे तेव्हा पाचव्या आठवड्यात चालले होते, आणि यम अजून बोलावयास आलाच नव्हता.

एप्रिलातली रात्र. कूलर घरघरत होता. वहिनी पलंगाशेजारी चटईवर निजत. दादांचा पाय जमिनीस लागला की त्यांस जाग येत असे. त्या रात्री आली नाही. दादा एकटेच न्हाणीघराकडे गेले, उंबऱ्यावर अडखळून पडले, कपाळ फुटले. गोळ्यांनी रक्तातील प्लेटलेट उतरलेल्या, तेव्हा रक्त थांबेना. सर्व घर जागे होऊन धावले. आणि त्या गर्दीत आम्ही जे वाक्य बोललो ते आम्हांस मरेपर्यंत विसरता यावयाचे नाही. आम्ही म्हणालो, "वहिनी, तुम्ही कुठे होता?"

त्या म्हणाल्या, "झोपले होते."

आमच्या मातोश्रींचे वय तेव्हा त्र्याऐंशी. त्या दारात काठी टेकून उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "आणि तू?"

दादांस टाके घालून सकाळी घरी आणले. मातोश्रींनी सर्वांस माजघरात बोलावले. त्या म्हणाल्या, "या घरात अकरा बाळंतपणे झाली. बाळंतिणीला सव्वा महिना कोणी पाण्याच्या हंड्याला हात लावू दिला नाही. न्हाऊ घालणारी निराळी, शेकशेगडी करणारी निराळी, रात्री पोर घेणारी निराळी. तेव्हा कोणी म्हटले नाही की आई आहे ना, करील तिची ती. मग हिचेच हिने एकटीने का करावे?" यावर बोलण्यासारखे कोणाजवळ काही नव्हते. आम्हांस मात्र त्या क्षणी हेमलकशाचे ते झाड आणि पंचा ओढून निजलेला म्हातारा आठवला.

पाळ्या लागल्या. रात्री दहा ते दोन पुतण्या, दोन ते सहा आम्ही. वहिनींची निजावयाची जागा दुसऱ्या मजल्यावर, जेथे हाक ऐकू जाणार नाही. ही अट मातोश्रींची, आणि ती फार महत्त्वाची होती, कारण हाक ऐकू येईल अशा ठिकाणी निजणे हे निजणे नव्हे. पहिले चार दिवस त्या मध्यरात्री उठून जिन्यात येऊन बसत. पाचव्या दिवशी सकाळचे साडेआठ वाजेपर्यंत त्या उठल्या नाहीत. आमच्या सौभाग्यवती घाबरून पाहावयास गेल्या, तो गाढ झोप.

रात्रीची पाळी घेतल्यावर आम्हांस ज्या गोष्टी कळल्या त्या स्तुती करताना कधी कळल्या नव्हत्या. दादांस रात्रभर झोप नसे. आम्ही तिसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्टिरॉइडची संध्याकाळची गोळी दुपारी जेवणाबरोबर देण्यास सांगितले, आणि आठवड्याभरात दादा रात्रीचे चार तास निजू लागले. उपाय इतका सोपा होता. तो वहिनींस का सुचला नाही? कारण विचारावयास जाण्याइतकी उसंत त्यांस कोणी दिलीच नव्हती. (ती गोळी आपल्या मनाने कमी किंवा एकाएकी बंद मात्र करू नये; त्याने भलतेच होते.) न्हाणीघरात भिंतीस धरावयाचा दांडा बसविला, कमोडाची खुर्ची आणली, पाट गेले आणि उंच खुर्च्या आल्या. एका वहीत गोळ्यांच्या वेळा, झटके, साखर आणि वजन यांची नोंद कोणीही पाळीवर असो, ठेवू लागला. भेटीस येणारांस आम्ही बाहेरच्या ओसरीवर थांबवून काही काम सांगत असू: दळण आणा, रक्ताचा कागद आणा, तासभर बसा. अर्धेअधिक येईनासे झाले; जे उरले ते फार उपयोगी पडले.

एक काम मात्र वाटून घेता येईना. दादांची भाषा फक्त वहिनींस कळे. पाणी हवे असले की ते "खिडकी" म्हणत. मातोश्रींस "शाळा" म्हणत. "नकाशा" म्हणजे झोप. हेमलकशास गेल्यावर आमट्यांस माडिया भाषा रोग्यांकडून ऐकून ऐकून शिकावी लागली होती. आमच्या घरासही तीच वाट धरावी लागली. वहिनींनी त्याच वहीच्या मागच्या पानांवर शब्द आणि त्यांचे अर्थ लिहून ठेवले. पाळीवर येणाऱ्याने ते पाठ करून यावे असा नियम झाला. घरातील मुले हे सर्वांत लवकर शिकली. आमच्या आठ वर्षांच्या नातीने तर दादांशी त्याच भाषेत बोलावयास आरंभ केला, आणि त्यांस हसू आले. कित्येक आठवड्यांत आलेले ते पहिले हसू.

येथे एक गोष्ट मनात येते. आमच्या घरी अकरा माणसे, रुग्णालय वीस मिनिटांवर, तरी आमची ही गत. भामरागडच्या बाजूस एखाद्या माणसास हाच रोग झाला तर किरणोपचार तेथे नाहीत. नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर, आणि तीस बैठकी म्हणजे सहा आठवडे मुक्काम. त्याच्या बायकोने, जिला मराठीही धड येत नाही, तिने आपली माणसे, चूल आणि झाड मागे ठेवून या शहरात कोणाच्या भरवशावर राहावे? मुंबईस दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे टाटा रुग्णालयात येणारे कर्करोगी आणि त्यांची माणसे उतरतात. रोग्याबरोबरच्या माणसासही पाठ टेकावयास जागा लागते, हे ज्यास सुचले त्याने मोठेच काम केले. आपल्या गावी रुग्णालयाच्या आवारात रात्री बाकावर बसलेली बाई दिसली तर तिला इतकेच विचारावे की, आपली झोप कधी झाली.

दादांची गाठ नोव्हेंबरात पुन्हा वाढली. आणखी उपचार करावेत की नाही, हे या वेळी वहिनींनी ठरविले, आणि घराने ते मानले. फेब्रुवारी २०२० मध्ये दादा गेले. शेवटच्या रात्री पाळी आमची होती. पण अडीचच्या सुमारास श्वास बदललेला पाहून आम्ही वर जाऊन त्यांस उठविले. त्या खाली आल्या आणि उशाशी बसल्या. दादा गेले तेव्हा त्या जाग्या होत्या आणि झोप पुरी झालेल्या होत्या. असे लिहिणे विचित्र दिसेल, परंतु त्यांनी स्वतः पुढे हे आम्हांस दोनदा बोलून दाखविले.

त्या वर्षीच्या एप्रिलातले आमचे वाक्य त्यांनी कधी काढले नाही. आम्ही एकदा क्षमा मागावयास गेलो, तर म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवसापासून तुम्ही रात्री दोनला उठत होता की."

हल्ली आमच्या गल्लीत चार घरे सोडून एक गृहस्थ अर्धांगाने पडून आहेत. घरात नवराबायको दोघेच; मुले परदेशी. वहिनी दर रविवारी जेवणे आटोपली की विणकामाची पिशवी घेऊन तेथे जातात आणि त्या बाईंस आमच्या घरी, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत, निजावयास पाठवितात. बाई पहिल्या रविवारी अर्ध्या तासात परत गेल्या. गेल्या रविवारी आम्ही संध्याकाळी पाचला चहासाठी हाक मारावयास वर निघालो, तर मातोश्रींनी जिन्याशीच काठी आडवी धरली.